शुक्रवारची काडेपेटी

चार मिनिटांच्या फिल्मपायी दाऊद पेझारकरच्या घरात मंगळवारपासून कोणाला धड जेवता आलं नव्हतं. मधल्या खोलीतलं जेवायचं टेबल अंगणात होतं, अंगणातली बाज मधल्या खोलीत होती, आणि पाण्याचा माठ कुठे गेला हे अब्राहमखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. अब्राहमला विचारलं की तो एक डोळा मिटून, बोटांची चौकट करून म्हणे, "मामा, मागे नका बघू, उजेड अडतो."

देहूरोडच्या डेपोत दाऊदची स्टोअरकीपर म्हणून सबंध हयात गेली होती. तिथे खिळासुद्धा जागेवरून हलला तर त्याला कळायचं. आणि आता स्वतःच्या घरात त्याला पाणी पिण्यासाठी भाच्याला विचारावं लागत होतं.

पण सहन करणं भाग होतं. प्रश्न हन्नाचा होता.

हन्ना ही दाऊदची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, म्हणून आजीच्या हाताखाली आणि शेजारच्या अंबूबाईच्या चुलीपाशी वाढली. चार वर्षांपूर्वी ती थोरल्या मामाच्या कुटुंबाबरोबर इस्रायलला गेली. तिथे बिरशेबा गावात दवाखान्यात काम करायला लागली, आणि तिथल्याच मोशे नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरत आलं होतं. ठरत आलं होतं, पण ठरत नव्हतं. मोशेचे लोक मोरोक्को देशातून, फेझ नावाच्या शहरातून आलेले. त्यांच्या घरात आजीचा शब्द शेवटचा, आणि ती आजी अडून बसली होती. 'हिंदुस्थानात यहुदी असतात हे मी जन्मात ऐकलं नाही. ही मुलगी साडी नेसून वाढली, हिची भाषा आपल्यापैकी कोणाला येत नाही. ही आपली कशावरून?'

दाऊदला हे कळलं तेव्हा तो आधी हसला आणि मग त्याचं डोकं फिरलं. कशावरून म्हणजे काय? त्याचे आजे-पणजे अलिबागकडे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी शब्बाथ पाळून बैल सोडून द्यायचे, म्हणून सगळा मुलूख त्यांना शनिवार तेली म्हणायचा. त्या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक होतं, ते आता समुद्रापलीकडच्या एका म्हातारीला पटवायचं! आणि पटवणार कसं? शनिवार काही पाकिटात घालून पाठवता येत नाही.

"येतो की," असं अब्राहम म्हणाला होता. अब्राहम हा बहिणीचा मुलगा. मुंबईला एका स्टुडिओत कॅमेऱ्यामागे उभा राहायचा आणि घरी आला की कॅमेऱ्याखेरीज दुसरं बोलायचा नाही. "मामा, आपण तुमच्या घराची फिल्म काढू. तिथल्या सिनेमाच्या हॉलमध्ये हन्ना ती दाखवील. बघू दे म्हातारीला." एकच रीळ मिळालं होतं, तेही स्टुडिओतल्या साहेबाच्या मिनतवाऱ्या करून. म्हणून जे काढायचं ते एकदाच, आणि नीट.

नीट म्हणजे काय, यावरच घर फिरलं होतं.

बुधवारी दुपारी अब्राहमने टेबलावर पांढरी चादर घातली. मुंबईहून आणलेले दोन उंच पितळी मेणबत्तीदान मांडले. दाऊदला कोट घालायला लावला, डोक्यावर काळी टोपी ठेवली आणि खांद्यावर प्रार्थनेची शाल टाकली.

"अरे, ही कशाला?" दाऊद म्हणाला. "आपण शुक्रवारच्या रात्रीचं जेवण दाखवतोय ना? शाल सकाळच्या प्रार्थनेला घेतात."

"फिल्ममध्ये ती चांगली दिसते, मामा."

"चांगली दिसते म्हणून मी उद्या पगडी घालू का?"

"मामा, जरा यहुदी दिसा हो!"

"मी पन्नास वर्षं तसाच दिसतोय," दाऊद म्हणाला. "तुला दिसत नसेल तर तुझं भिंग पूस."

चुलीपाशी बसलेली त्याची आई, मिल्काबाई, हे सगळं बघत होती. तिचं वय झालं होतं, पण कान आणि जीभ शाबूत. अब्राहम तिच्याकडे वळला. "आजी, आता तू यायचं, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि शब्बाथची प्रार्थना म्हणून या मेणबत्त्या लावायच्या. फार फार तर अर्धं मिनिट."

"आज वार कुठला?" मिल्काबाईने विचारलं.

"बुधवार."

"मग शब्बाथ कुणाचा? तुझ्या बापाचा?"

"आजी, हे नुसतं दाखवायला!"

"देवाचं नाव नुसतं दाखवायला घेत नाहीत. आणि आपल्याकडे मेणबत्ती नसते. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. हन्नाला हे डोळे मिटून ठाऊक आहे. ती म्हणेल, आजीचा पेला फुटला की काय." आणि तिने पाठ फिरवली.

"बय, अगं अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे," दाऊद म्हणाला. त्याच्या अंगात कोट होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि शालीखाली घामाच्या धारा लागल्या होत्या.

"तुझा आहे, माझा नाही," मिल्काबाई म्हणाली.

शेवटी अब्राहमने मेणबत्त्या स्वतःच पेटवल्या, खिडकीला घोंगडी लावून संध्याकाळ केली आणि शाल पांघरलेल्या दाऊदला त्यांच्यासमोर बसवून कॅमेऱ्याची चावी फिरवली. कॅमेरा घरघरला. दाऊद पुतळ्यासारखा बसून राहिला. तेवढ्यात मागच्या दारातून एक आवाज आला.

"आगं बया! दाऊदभाऊ, कुनी गेलं का काय घरात?"

अंबूबाई होती. देहूच्या वाटेवरची जुनी शेतकरीण, नवऱ्याबरोबर गाई राखायची. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि अंबूबाईचं निम्मं आयुष्य त्या भिंतीवर कोपर ठेवण्यात गेलं होतं. ती सरळ खोलीत आली. येताना दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या लांबट डबीला, म्हणजे मेझुझाला, सवयीने बोटं लावून तिने ती कपाळाला टेकवली आणि कॅमेऱ्याच्या मागे अब्राहमला खेटून उभी राहिली.

"मावशी! बाजूला!" अब्राहम किंचाळला. "रीळ चाललंय!"

"कुटं चाललंय?"

दाऊदने शालीतून हात काढून कपाळाला लावला. तोही रिळात गेला.

गुरुवारी मिल्काबाईने आपल्या परीने तयारी केली. हन्नाचं लग्न जमावं म्हणून तिने एलियाहू नबीच्या नावाने मलिदा केला. पोहे धुऊन, त्यात गूळ आणि ओलं खोबरं, वर केळी, खजूर, फुलं. ताट भरून ती म्हणाली, "आता याचा फोटो काढ. नबी बघतोय, त्या मोरोक्कोच्या बाईलाही बघू दे."

अब्राहमने ताट बघितलं आणि खुर्चीत बसला. "आजी, हे नाही चालणार. हा सत्यनारायणाचा प्रसाद दिसतो."

"मग सत्यनारायणाचा प्रसाद आमच्या मलिद्यासारखा दिसतो असं म्हण."

"तिथल्या लोकांना कसं कळणार? तिथे म्हणतील, ही मंडळी हिंदूच आहेत. मामा, तुम्ही तरी सांगा. आधीच ती अंबूमावशी सारखी मध्ये येते. कासोटा घातलेलं लुगडं, कपाळाला हे एवढं कुंकू! एकदा ती फिल्ममध्ये दिसली की संपलंच. म्हातारी म्हणेल, बघा, मी सांगत होते."

दाऊदला भाच्याचा राग येत होता, पण भाचा बोलत होता ते खोटंही वाटत नव्हतं. मोशेची आजी तिकडे बिरशेबात बसून काय समजणार? तिला देहूरोड काय ठाऊक? त्या बाईला ज्याच्यावरून ओळख पटेल तेवढंच दाखवावं, बाकीचं झाकावं, यात गैर काय? पण झाकायचं म्हटलं तर काय काय झाकायचं? पोहे झाकायचे, पदर झाकायचा, अंबूबाईला भिंतीआड दडवायचं. मग उरतं काय? दोन उसने मेणबत्तीदान आणि चुकीच्या वेळी शाल पांघरलेला एक घामाघूम माणूस.

"शुक्रवारी काढ," तो शेवटी म्हणाला.

"शुक्रवारी काय?"

"जे असेल ते. शुक्रवारी दुपारनंतर कॅमेरा घेऊन बस. आम्ही आमचं काम करू, तू तुझं कर. मला पुन्हा कोट घालायला लावलास तर कॅमेरा विहिरीत टाकीन."

शुक्रवार उजाडला. त्या घरात शुक्रवारी धांदल असते, कारण यहुद्यांचा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो. शुक्रवारचा सूर्य बुडाला की शनिवारचा बुडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, कामाला हात लावायचा नाही. म्हणून जे शिजवायचं ते आधीच. मिल्काबाईने न्हाऊन पांढरी साडी नेसली. नारळाच्या दुधातलं कालवण उतरलं. काळ्या मनुका सकाळीच पाण्यात भिजत घातल्या होत्या. त्या कुस्करून त्यांचा रस गाळला, कारण आशीर्वादाच्या पेल्याला इथे द्राक्षाची दारू कुठून आणायची? दाऊद डेपोतून आला, बूट काढले, हातपाय धुतले. अब्राहम अंगणात स्टूल टाकून बसला होता, आणि आश्चर्य म्हणजे गप्प होता. अधूनमधून कॅमेरा घरघरायचा आणि थांबायचा.

उन्हं कलली. डेपोचा भोंगा झाला, बाजारातून सायकलींच्या घंटा ऐकू यायला लागल्या. मिल्काबाईने काचेचा पेला पुसून ठेवला, चुलीवरची काडेपेटी उचलली आणि ती अंगणात भिंतीपाशी गेली.

या काडेपेटीची गोष्ट अशी. दाऊदचे वडील एलोजी विडी ओढायचे. एका शनिवारी सकाळी त्यांनी सवयीने पेटी उचलली, विडी पेटवली, दोन झुरके मारले आणि मग त्यांना वार आठवला. बिचारे दिवसभर रडले. त्या दिवसापासून मिल्काबाईने नेम केला, की शुक्रवारी दिवा लावायच्या आधी पेटी घरातून बाहेर. हात चुकू नये म्हणून. ती अंबूबाईकडे द्यायची. अंबूबाई शनिवारी सकाळी आपण होऊन यायची. तिला कोणी बोलवायचं नाही, चूल पेटव म्हणून सांगायचं नाही, असा रिवाज, कारण सांगून करवून घेतलेलं कामही स्वतः केल्यासारखंच. ती यायची, पदराला गाठ मारून ठेवलेली पेटी काढायची आणि मोठ्याने म्हणायची, "बाई गं, मला च्या प्यायचाय!" मग आपल्या चहासाठी चूल पेटवायची आणि आधण मात्र सगळ्या घराचं ठेवायची.

"अंबू, गं अंबू!" मिल्काबाईने हाक मारली.

अंबूबाई गोठ्यातून आली. हात शेणाचे होते, ते तिने लुगड्याला पुसले. लुगडं जुनेर, गुडघ्यावर ठिगळ. दोघींच्या मध्ये भिंत, वर कलतं ऊन. मिल्काबाईने पेटी पुढे केली, अंबूबाईने घेतली आणि पदराला गाठ मारली. काहीतरी बोलली, मिल्काबाई हसली.

कॅमेरा घरघरत होता.

"अरे, ए अब्राहम!" दाऊदच्या लक्षात आलं. "तू म्हणालास ना, ती दिसता कामा नये?"

"चावी भरलेली होती, बोट तसंच राहिलं," अब्राहम पुटपुटला. "उजेड फार चांगला पडला होता, मामा. हरकत नाही, एवढा तुकडा मुंबईत कापून टाकीन."

मिल्काबाई आत गेली. चुलीत अजून निखारे होते. तिने एक वाळकी काटकी त्यात धरली, पेटवली, डोक्यावरून पदर ओढला आणि पेल्यातल्या वातीला लावली. ओठ हलले. अब्राहम दारातून कॅमेरा घेऊन पुढे सरकत होता. याच्यासाठीच तर सगळा अट्टहास! मिल्काबाईने डोळे उघडले, समोर कॅमेरा दिसला. ती तीन पावलं चालत आली आणि तिने आपला सुरकुतलेला तळवा सरळ भिंगावर ठेवला.

"बस. दिवा लागला."

"आजी! अगं रीळ शिल्लक आहे! सूर्य अजून मावळायचाय!"

"माझा मावळला. आणि तूही यहुदीच आहेस. का मुंबईला नसतोस?"

अब्राहमने कॅमेरा खाली ठेवला. त्याचा चेहरा बघून दाऊदला चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, पण ते टिकलं नाही. म्हणजे शेवटी हातात आलं काय? बुधवारची शाल, अंबूबाईचं ठिगळ आणि आईचा तळवा. एवढ्यावर त्या मोरोक्कोच्या बाईने त्याची मुलगी नातसून म्हणून घ्यायची होती.

रविवारी अब्राहम निघाला. दाऊद त्याला स्टेशनवर सोडायला गेला. पुणे-लोणावळा गाडीला वेळ होता.

"मामा, मी भिंतीजवळचा तुकडा आणि शेवटचा हात काढून टाकतो," अब्राहम म्हणाला. "मग फिल्म सोज्वळ होईल. मलिदा तर काढलाच नाही. म्हातारीला शंका यायला जागाच उरणार नाही."

दाऊदने मान डोलावली. मग त्याला एक गोष्ट सुचली आणि ती मनातून जाईना. हन्ना त्या अंधाऱ्या हॉलमध्ये बसेल. पडद्यावर घर येईल, अंगण येईल, भिंत येईल. भिंत आली की तिचे डोळे आपोआप पलीकडे जातील. आई गेली त्या दिवसापासून ज्या बाईने तिला घास भरवले, ती बाई भिंतीपलीकडे नसेल. हन्ना विचारील, बाबा, अंबूमावशी गेली का? आणि आपल्याला सांगावं लागेल, नाही बाळ, ती आहे. आम्हीच तिला कापली, तुझ्या लग्नासाठी.

"कापायचं नाही," तो म्हणाला.

"मामा!"

"जसं आहे तसं पाठव."

"अहो, लग्न मोडेल! मग मला बोल लावू नका!"

"मोडू दे. माझ्या घराचे तुकडे करून ज्या घरात मुलगी जाईल, त्या घरात ती राहणार कशी? आणि माझं डोकं खाऊ नकोस. चार दिवस खाल्लंस तेवढं पुरे. गाडी आली बघ."

बोलायला बोलून गेला, पण नंतर चार-पाच महिने दाऊदची झोप उडाली होती. डेपोत मालाची मोजणी चुकायला लागली. घरी आला की आईवर चिडायचा. "एक तळवा आवरता नाही आला तुला, बय!" मिल्काबाई म्हणायची, "माझा तळवा होता, मी कुठे ठेवीन तो ठेवीन."

पावसाळा सरला आणि शबाजी दारात उभा राहिला. शबाजी दाऊदचा चुलतभाऊ. हन्नाबरोबरच इस्रायलला गेला होता, पण तिथल्या पावाने त्याचं पोट भरेना आणि तिथल्या वाळूत मन लागेना, म्हणून परत आला होता. ट्रंक खाली ठेवायच्या आधी दाऊदने विचारलं, "फिल्म पोचली?"

"पाणी तरी दे, राव."

"पाणी देतो. पोचली का?"

"पोचली, बघितली. मी त्याच हॉलात होतो." शबाजी बाजेवर टेकला. "पहिल्यांदा तू आलास. दाऊद, तू मेणबत्तीसमोर शाल घेऊन का बसला होतास? सगळा हॉल हसायला लागला. मोशेची आजी हन्नाला विचारते, तुझे वडील रात्री उठून सकाळची प्रार्थना करतात का?"

दाऊदने डोळे मिटले. "मला ठाऊक होतं. त्या गाढवाला मी सांगत होतो."

"मग मिल्काकाकी आली. कालवण, मनुका. मग भिंत आली. काकीने अंबूबाईला काडेपेटी दिली. म्हातारी एकदम म्हणाली, ही बाई कोण? हिला काडेपेटी का दिली? हन्ना तर रडायलाच लागली होती, अंबूमावशी, अंबूमावशी करत. तिने रडत रडत सगळं सांगितलं. शनिवारी येते, आपल्याला चहा हवा म्हणते, चूल पेटवते."

"आणि?"

"तेवढ्यात काकीचा तळवा आला आणि फिल्म संपली. दिवे लागले तरी म्हातारी उठेना. मग म्हणाली, फेझमध्ये आमच्याकडे फातमा यायची. शनिवारी सकाळी यायची आणि म्हणायची, अल्ला, केवढी थंडी ही! आणि चूल पेटवून बसायची. भर उन्हाळ्यातसुद्धा तिला थंडी वाजायची. निघताना तिचा निरोप घ्यायचा राहून गेला, म्हणाली." शबाजी घोटभर पाणी प्यायला. "मग मोशेकडे वळून म्हणाली, शाल पांघरून कोणीही बसेल. पण जिच्या शेजारणीला शनिवारी चहा लागतो, ती मुलगी आपलीच. फाल्गुनात लग्न आहे. आता जेवायला वाढ."

मिल्काबाई चुलीपासून उठली नाही. पण पदराचं टोक डोळ्यांना लावलेलं दाऊदने बघितलं.

तो अंगणात गेला. अंबूबाई भिंतीवर कोपर टेकून उभीच होती. अर्धं तिने ऐकलंच होतं, उरलेलं दाऊदने सांगितलं.

"म्हंजी त्या परमुलखातल्या बाईनं मला बघितलं?" ती म्हणाली.

"सगळ्या हॉलने बघितलं."

"त्या ठिगळाच्या लुगड्यात?"

"हो."

"आन् शेणाचं हात?"

"अंबूबाई, लग्न ठरलं तुमच्यामुळे!"

"ठरू द्या की! ठरायचंच होतं, पोर सोन्यासारखी हाय. पर सांगायचं न्हाई व्हय मला आदी? इरकली लुगडं हाय माज्याकडं, लेकाच्या लगनातलं! सगळ्या जगानं बघितलं ते हे बोचकं! त्या मुंबईच्या मुडद्याला येऊ द्या पुन्यांदा!" आणि ती फणकाऱ्याने गोठ्यात गेली. दाऊद भिंतीपाशी उभा राहिला. आभार मानायला आला होता, शिव्या खाऊन परत निघाला.

शनिवारी सकाळी मागचं दार वाजलं. चौकटीवरच्या डबीला बोटं लावून अंबूबाई आत आली. अंगावर इरकली लुगडं होतं, नाकात नथ, केस चापूनचोपून बसवलेले. दाऊद बघतच राहिला.

"आज काय आहे, अंबूबाई?"

"काय न्हाई. म्हनलं, कुनी फोटू काढायचं आसलं तर."

"अहो, शनिवारी आमच्यात फोटो काढत नाहीत!"

अंबूबाईने नथ सावरली, पदराची गाठ सोडून काडेपेटी काढली आणि चुलीपुढे बसताना त्याच्याकडे असं बघितलं, की दाऊदने मुकाट्याने बाज सरकवून तिला वाट दिली.

"हे बी आदी सांगायचं न्हाई," ती म्हणाली. मग काडी ओढून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई गं, मला च्या प्यायचाय!"